आमचे व्याही, परदेशी अधिकारी

३ फेब्रुवारी, सोमवार

लेकीने आज बॉम्ब टाकला. तोही मी दात घासत असताना! "आई, मी लग्न ठरवलंय." तोंडात फेस, ओरडताही येईना. वेळ बरोबर साधली कार्टीने.

मुलगा पाहिलेला आहे. पूल बांधणारा इंजिनियर. मागे एकदा 'मित्र' म्हणून घरी आला होता आणि जाताना स्वतःचा कप विसळून गेला. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "नुसते मित्र कप विसळत नाहीत गं." म्हातारीचं नाक तिखट!

चूळ भरून विचारलं, "वडील काय करतात?"

"सरकारी हॉस्पिटलात असतात. खरेदी विभागाचे प्रमुख."

परत चूळ भरली.

आमची कंपनी हॉस्पिटलांना स्कॅनची मशिनं विकते. ती घ्यायची की नाही हे खरेदी विभाग ठरवतो. आणि त्या विभागातल्या कुणाच्या खिशात आमच्या माणसांनी काही सरकवू नये, म्हणून कंपनी मला पगार देते!

जगात एवढे बाप आहेत. पोरीला हाच सासरा सापडावा?

४ फेब्रुवारी

ऑफिसात आज माझं कशात लक्ष नव्हतं. दारावर पाटी 'अनुपालन अधिकारी', पण सगळे मला नाहीबाई म्हणतात. पाठीमागे. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही, आणि तीच मजा आहे. डॉक्टरांना घड्याळ द्यायचंय? नाही. साहेबांच्या मेव्हण्याला नोकरी? नाही. सगळ्यांना सहलीला नेऊ, एक छोटं भाषण ठेवू? भाषण ठेवा, सहल नाही.

आमची मालक कंपनी परदेशातली. त्यांचा कायदा असा, की त्यांच्या कंपनीने जगात कुठेही सरकारी माणसाला लालूच दाखवली की खटला तिकडे. आणि त्या कायद्यात आपल्या सरकारी माणसाचं नाव काय? 'परदेशी अधिकारी'! म्हणजे चार गल्ल्या पलीकडे राहणारे, मी जाते त्याच दुकानातून भाजी घेणारे आमचे होणारे व्याही कागदोपत्री परदेशी.

हे घरी सांगितलं. सासूबाईंनी अर्धंच ऐकलं. "परदेशी? पोरगा तर आपल्यासारखाच बोलतो की!"

६ फेब्रुवारी

मुख्य कार्यालयाला सगळं कळवून टाकलं. लपवलं आणि मग कळलं तर नाहीबाईचीच फजिती. तिकडे आमच्या वर एक वकीलबाई आहेत. त्यांनी प्रश्नावली धाडली. एक प्रश्न असा – 'अधिकाऱ्याच्या कुटुंबाला तुमच्याकडून कोणती मौल्यवान गोष्ट दिली जाणार आहे?'

मी लिहिलं, 'माझी मुलगी.' आणि पाठवूनही दिलं. राहवलंच नाही!

७ फेब्रुवारी

उत्तर आलं. 'अभिनंदन. कृपया अंदाजे मूल्य कळवावे.'

ही बाई विनोद करते की खरंच विचारते? रात्री यांना दाखवलं. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आतापर्यंतचा खर्च लिही. दातांच्या तारांपासून."

हॉस्पिटलच्या टेंडरची फाइल मात्र माझ्या हातून काढून घेतली. बरोबरच आहे. मीही तेच केलं असतं. तरी जरा लागलं.

९ फेब्रुवारी, रविवार

व्याह्यांची पहिली भेट! कुठे? बागेत. बाकावर. त्यांचा निरोपच तसा होता – "तुमच्या घरी नको, आमच्या घरीही नको."

उंच, वाळलेला माणूस. हसू कुलपात ठेवल्यासारखा. मी चहाचा थर्मास नेला होता. त्यांनीही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आपापला चहा आपापल्या कपात ओतला. मी बिस्किटांचा पुडा पुढे केला तर त्यांनी हात असा मागे घेतला, जणू आत विंचू आहे. त्यांच्या बायकोने मात्र पुडा माझ्या हातातून घेतला. "मी सरकारी नाही. द्या इकडे!" विहीणबाई मला पहिल्या घासालाच आवडल्या.

व्याही म्हणाले, "मॅडम, मी खरेदी समितीतून बाहेर पडायचा अर्ज दिलाय. तुमच्या कंपनीचं टेंडर होईपर्यंत."

"मी फाइल सोडलीय."

"लेखी?"

"लेखी."

तेव्हा कुठे माणूस बाकाला टेकला. लग्नाच्या हॉलचा खर्च निम्मा निम्मा ठरला, ज्याने त्याने आपला चेक थेट हॉलवाल्याला द्यायचा. देणंघेणं काही नाही. मुलं पलीकडच्या बाकावर हात धरून बसली होती. आमच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं!

११ फेब्रुवारी

कुजबुज ऑफिसभर पोचली. विक्रीचे साहेब माझ्या केबिनमध्ये आले. मी त्यांना मनातल्या मनात 'मधाचं बोट' म्हणते. कुणालाही चाटवायला सदा तयार.

"ताई! आता टेंडर म्हणजे घरचंच कार्य!"

"माझा त्या टेंडरशी संबंध नाही."

"संबंध कसा नाही? याहून मोठा संबंध कोणता असतो?" आणि स्वतःच्याच कोटीवर खो खो हसले. मग आवाज उतरवला. "हॉलचं माझ्यावर सोडा. मोठा हॉल घ्या, मोठा! माणसं आपलीच आहेत."

"पैसे कोण भरणार?"

"पैसे कसले? प्रेमाने होईल."

"प्रेमाचंही बिल लागतं हो इथे," म्हटलं. गेले हसत हसत. पण हा माणूस हसत गेला की मला धास्तीच वाटते. पाच वर्षं मी याच्यामागे आहे. काहीतरी शिजतंय हे वासावरून कळतं, पण झाकण उघडलं की भांडं रिकामं. कागद नेहमी इस्त्री केलेले.

१६ फेब्रुवारी, रविवार

घरात महाभारत. हॉलमध्ये दोन दालनं – एक मोठं, झुंबरांचं. दुसरं लहान, पंख्यांचं. आम्ही लहान घेतलं. खिसा तेवढाच आहे.

सासूबाई ताडकन म्हणाल्या, "एकुलती एक नात! आणि लग्न कोंडवाड्यात?"

"आई, शंभर माणसं आरामात मावतात."

"आरामात मावतात कोण? उभी राहिलेली. मला बसायला लागतं."

हे नेहमीप्रमाणे अंघोळीला निघून गेले. घरात आवाज चढला की यांना अंघोळ आठवते. आज दोनदा झाली.

सासूबाईंनी जेवताना माझ्याशी अबोला धरला. मीठ हवं तर लेकीमार्फत.

१९ फेब्रुवारी

अबोला चालू. मीठही चालू.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सरळ लिहिते.

आमच्या वाट्याचे उरलेले पैसे भरायला हॉलवर गेले होते. मॅनेजर उठून उभाच राहिला. "बसा, बसा! तुमचं तर सगळं मिटलं की. मोठं दालन केलंय तुम्हाला."

"कुणी केलं?"

"तुमच्या हितचिंतकांनी. रोख भरले."

"नाव?"

"नाव नाही सांगितलं म्हणे. हितचिंतक लिहा म्हणाले. माझ्या माणसाने घेतले, तो आता महिनाभर गावी गेलाय. तिकडे फोनही लागत नाही." मग डोळा बारीक करून, "भाग्यवान आहात!"

भाग्यवान! मोठा हॉल. रोख. 'प्रेमाने होईल.' दुसरं कोण असणार? आणि हॉल काही माझ्या एकटीचा नाही. त्यात निम्मे यजमान खरेदी विभागाचे प्रमुख! उद्या कुणी विचारलं – 'तुमच्या मुलाच्या लग्नाचं दालन मशिनवाल्यांनी मोठं करून दिलं ना?' – तर त्या वाळक्या, सरळ माणसाने काय उत्तर द्यायचं? आणि मी?

मॅनेजरला सांगितलं, ते पैसे बाजूला ठेवा. कुणालाही परत करायचे नाहीत. लेखी कळवते.

२५ फेब्रुवारी

वकीलबाईंना सगळं लिहिलं. अकरा तारखेचं मधाच्या बोटाचं बोलणंही, शब्दाला शब्द.

लगेच फोन. पहिल्यांदाच आवाज ऐकला. अगदी नातवंडांना गोष्ट सांगावी तसा मऊ. "तुम्ही योग्य केलंत. आता कुणाशी बोलू नका. ऑफिसात नाही, घरी नाही, व्याह्यांशी तर मुळीच नाही. तो हॉल वापरू नका. मी येते."

घरी नाही! म्हणजे पोरीच्या लग्नाचा हॉल मोडायचा आणि कारण सांगायचं नाही. यापेक्षा लाच देणं सोपं असेल.

२६ फेब्रुवारी

सांगितलं. जेवताना. "हॉल रद्द केलाय."

लेकीने ताट पुढे सरकवलं. "का?"

"सांगता येत नाही."

"आई, तुझ्या ऑफिसचं काही असेल तर तू नोकरी कर, माझं लग्न कशाला—" उठून गेली. मी बसून राहिले. तिला लहानपणी खोटं बोलू नको म्हणून दोन धपाटे घातलेली बाई मी, आणि आज तिच्यासमोर मुकी.

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. अबोला सोडून म्हणाल्या, "रद्द? आणि पैसे?"

"पैशांचं नंतर बघू, आई."

त्याही खोलीत गेल्या. दार लावून घेतलं. हे आज अंघोळीला गेले नाहीत. माझं ताट उचललं, धुतलं, आणि जाता जाता खांद्यावर हात ठेवला. काही विचारलं नाही. तीस वर्षांत या माणसाने दिलेली सगळ्यात महाग भेट.

२७ फेब्रुवारी

व्याह्यांना फोन. पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "काही कारणाने हॉल रद्द करावा लागतोय."

"मॅडम, कारण सांगू नका."

"मी सांगणारही नव्हते."

"उत्तम. मला कळलं तर मला ते लिहावं लागेल. तुम्ही आधीच लिहिलं असेल असं समजतो."

"समजा."

"मग रजिस्टर लग्न करू. नोटीस मुलांनी या महिन्याच्या सुरुवातीलाच दिलीय. पंधरा मार्च, शनिवार. त्या कचेरीत भाडं नसतं."

फोन ठेवला आणि पदराने डोळे पुसले. एवढा रुक्ष माणूस, आणि किती आधार वाटला!

४ मार्च

आज खोडी काढल्याशिवाय राहवलं नाही. लिफ्टमध्ये मधाचं बोट भेटलं. मी सहज म्हणाले, "मोठं दालन छान आहे हं. झुंबरं काय सुरेख!"

"कुठलं दालन, ताई?"

चेहऱ्यावर रेघ नाही! काय अभिनय! नाटकात असता तर प्रेक्षकांनी पडदा पडू दिला नसता.

(बोलू नका सांगितलं होतं. पण मी झुंबरांबद्दल बोलले. झुंबरं गोपनीय नाहीत.)

१० मार्च, सोमवार

वकीलबाई आल्या. केवढ्याशा! खांद्याएवढी बॅग आणि त्यामागे त्या. ऑफिसची कॉफीही घेतली नाही, पाण्याची बाटली स्वतःची. व्याह्यांची सख्खी बहीण शोभेल.

मधाच्या बोटाला सकाळी आत बोलावलं. सोबत बाहेरचा एक दुभाषा. मी नियमाप्रमाणे बाहेर. माझ्या केबिनच्या काचेतून ते दार दिसतं. दिवसभर एकच ईमेल उघडून बसले होते, कुणाचं ते आठवत नाही.

मनात एकच भीती – हॉलच्या मागे अजून काही निघालं तर? त्यात व्याह्यांचं नाव असलं तर? माणूस सरळ वाटतो. पण वाटण्यावर नोकरी करत असते तर मी विक्रीत असते.

उन्हं उतरल्यावर दार उघडलं. मधाचं बोट बाहेर आलं ते थेट माझ्याकडे. टाय सुटलेला. समोरच्या खुर्चीत धप्पकन बसले.

"ताई, सगळं ठाऊक होतं तर आधी बोलायचं ना! मी आपला इकडे झोपा काढतोय."

मला काय ठाऊक होतं?

"आत गेलो, त्या बाई म्हणाल्या, त्या पेमेंटबद्दल बोलायचंय. मी म्हटलं, कुठल्या? त्यांनी पेन उघडलं. म्हणाल्या, तुम्हीच सांगा." कपाळ पुसलं. "आता मला काय माहीत कुठलं सापडलंय! म्हटलं सल्लागाराचं असेल. तो सल्लागार म्हणजे माझा साडू. सांगितलं. त्या लिहीत राहिल्या. म्हणजे ते नव्हे! मग मोठ्या डॉक्टरांच्या कुटुंबाची सहल सांगितली. त्या म्हणतात, 'आणखी?' मग गोदामाचं. मग त्या दुसऱ्या हॉस्पिटलच्या साहेबांची गाडी..."

"सगळं सांगितलंत?"

"गप्प बसते हो ती बाई! माणूस एवढा गप्प बसला की आपल्याला बोलावंच लागतं."

विचारलंच, "आणि आमचे व्याही?"

"ते?" तोंड वाकडं केलं, जणू औषध प्यायलं. "त्यांना एक पेन देता आलं नाही मला पाच वर्षांत. एकदा टेबलावर विसरून आलो मुद्दाम. पोस्टाने परत पाठवलं. तिकीट स्वतःचं लावून!"

मला हसू फुटलं. तेही हसले, सवयीने. मग एकदम खांदे पडले. "शेवटी त्या हॉलचं काहीतरी विचारत होत्या. मला काही बोध होईना. पण एवढा हत्ती गेला, आता शेपटीसाठी कोण भांडणार? म्हटलं तेही लिहा. सही केली."

जाताना दारात थांबले. "लेकीला आशीर्वाद सांगा. तो चालतो ना?"

"चालतो," म्हणाले. पाच वर्षांत त्यांना पहिल्यांदा 'हो' म्हटलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच! एक हॉल पकडला आणि सगळं गाव सापडलं. घरी येताना चालता चालता गुणगुणत होते. रस्त्यावरची माणसं बघत होती. बघोत!

१२ मार्च

मधाचं बोट निलंबित. कंपनी आपण होऊन तिकडच्या सरकारला सगळं कळवणार आहे. स्वतः कळवलं तर दंड कमी बसतो. टेंडरही मागे घेतलं. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी कुणी बसलं नाही. "नाहीबाईने कंपनी बुडवली," कुणीतरी म्हणालं, मला ऐकू जाईल एवढ्या हळू. पण हिशेबवाली पोरगी हात धुताना शेजारी आली आणि आरशात बघत म्हणाली, "बरं झालं. मला त्या साडूची बिलं पास करताना झोप लागायची नाही."

वकीलबाईंनी परवानगी दिली. घरी सांगू शकते, मोजकं. लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या लग्नाने चोर पकडला?" आणि गळ्यात पडली. खरं सांगायचं तर मी तिच्याहून जास्त रडले.

सासूबाई देवळात गेल्या होत्या. त्यांना काय, सावकाश सांगू.

१५ मार्च, शनिवार

झालं लग्न! कचेरीतला पंखा करकरत होता, कारकून शिंकत होता, दोघांनी सह्या केल्या. साक्षीदार म्हणून व्याह्यांनी सही करताना कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मागचं जोडपं ताटकळलं.

मग समोरच्या हॉटेलात जेवण. ज्याने त्याने आपलं बिल द्यायचं. पाहुणे आधी चक्रावले, मग इतके खूश झाले, की कुणी दोनदा आइस्क्रीम मागवलं तरी आम्हाला धडकी नाही! जेवण झाल्यावर व्याही माझ्याजवळ आले. आपल्या थर्मासातला चहा दोन कपांत ओतला. एक कप माझ्यासमोर ठेवला.

"टेंडर मागे घेतलंत असं कळलं. आता तुमचं माझं काही अडलेलं नाही. घ्या, विहीणबाई."

पहिल्यांदाच मॅडम म्हणाले नाहीत. साखर कमी होती. शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

सासूबाई मात्र कोपऱ्यात उदास. नात सासरी निघाली म्हणून असेल.

१७ मार्च, सोमवार

सकाळी सासूबाई माझ्या खोलीत आल्या. दार लावलं. "रागावली असशील तर दोन शब्द जास्त बोल. पण त्या हॉलवाल्याला माझे पैसे परत द्यायला सांग. मी ठेव मोडली होती पोरीसाठी. तो म्हणतो, परदेशातल्या वकिलाची चिठ्ठी आणा!"

"आई... हितचिंतक तुम्ही?"

"मग काय नाव लिहू? तुला कळलं असतं तर मोठं दालन घेऊ दिलं असतंस? तू रद्द केलंस तेव्हा वाटलं, कळलं हिला, म्हणून चिडली."

चोर खरा. माझा आळ खोटा. आणि त्या माणसाने त्यावरही सही ठोकली!

वकीलबाईंना लिहायला घेतलंय. 'संशयिताशी तुमचे नाते' – सासू. सासूबाई मागे उभ्या राहून वाचताहेत. "बोलावतील का गं मला?"

"बोलावतील."

"बोलावू देत. मी नाही हो अशी पटकन कबुली द्यायची."